दोनशे पंचावन्न काय?

मागच्या जून महिन्यात नागपुरात सीताबर्डीच्या एका ऑनलाइन सेंटरवर माझी अख्खी दुपार गेली. माझं काम दहा मिनिटांचं होतं, पण माझ्या आधी काटोलकडून आलेली एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते. प्रवेशासाठी कागदपत्रं अपलोड करायची होती. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, बारावीची गुणपत्रिका. मुलीनं सगळे कागद आदल्या रात्री मोबाइलवर स्कॅन केले होते आणि प्रत्येक फाइलला मराठीत नीट नाव दिलं होतं. ‘वडिलांचा उत्पन्नाचा दाखला’, ‘माझं जात प्रमाणपत्र’. कोणालाही कौतुक वाटावं इतकं व्यवस्थित काम.

संकेतस्थळ एकेक फाइल परत करत होतं. लाल अक्षरांत इंग्रजी ओळ यायची, ‘इनव्हॅलिड फाइल नेम’. वर सूचनांमध्ये एवढंच होतं की नाव लहान ठेवावं आणि त्यात ‘स्पेशल कॅरॅक्टर्स’ नसावेत. मुलगी पुन्हा पुन्हा नाव वाचत होती. तिनं मला विचारलं, “काका, यात स्पेशल काय आहे?” मी नाव पाहिलं. साधे मराठी शब्द होते, मध्ये एक जागा सोडलेली.

सेंटरवाला मुलगा म्हणाला, “मराठी नाव घेऊनच नाही राहिलं ते. मी बदलवून देतो.” आणि त्यानं पाचही फाइलींची नावं बदलून १, २, ३, ४, ५ केली. फाइली झटक्यात गेल्या. पुढे तो अर्ज त्रुटीत आला. उत्पन्नाच्या रकान्यात जातीचं प्रमाणपत्र जोडलं गेलं होतं. पाच फाइली, पाच आकडे, घाईची वेळ, बाहेर रांग. त्या मुलाला मी दोष देत नाही. ज्या नावावरून कोणता कागद कुठला ते कळत होतं, ते नाव त्याला पुसून टाकावं लागलं, कारण नियम काय आहे हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. बापलेकीला काटोलहून परत एक चक्कर पडली.

मी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहितो, म्हणजे ज्याला हेल्प किंवा मॅन्युअल म्हणतात ते. त्यामुळे ही गोष्ट मला जास्त लागली. त्या लाल ओळीमागचा दोष जितका प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा आहे, तितकाच सूचना लिहिणाऱ्याचा आहे, म्हणजे माझ्या व्यवसायाचा. माझं म्हणणं असं की फाइलच्या नावाचे नियम मराठी माणसाला त्याच्या लिपीत मोजून, कारणासकट आणि त्याच्या रोजच्या कागदांची उदाहरणं देऊन सांगितले गेले पाहिजेत. आणि जे सॉफ्टवेअर लोकांच्या पैशातून बनतं, त्याच्या कामाचा हा भाग मानला गेला पाहिजे. आज तो मानला जात नाही.

आधी हे नियम आले कुठून ते पाहू. कारण माहीत नसलं की नियम लहरी वाटतो, आणि लहरी वाटणारा नियम माणूस लक्षात ठेवत नाही.

१९८१ साली एमएस-डॉस ही संगणक चालवणारी प्रणाली आली तेव्हा फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि पुढच्या एक्स्टेन्शनला, म्हणजे डॉटनंतरच्या शेपटीला, तीन अक्षरं मिळत. ही पद्धत त्याच्याही आधीच्या सीपी/एम या प्रणालीतून आलेली. डिस्कवर प्रत्येक फाइलच्या नोंदीला ३२ बाइटची (बाइट म्हणजे साठवणुकीचं छोटं माप) जागा ठरलेली होती, आणि त्यातल्या ११ बाइट नावाच्या. आठ आणि तीन मिळून अकरा. मधला डॉट साठवलाच जात नसे, तो फक्त दाखवताना घातला जाई. युनिक्स या दुसऱ्या एका प्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत नाव १४ अक्षरांचं असे, त्यालाही असंच कारण होतं. तिथली नोंद १६ बाइटची, त्यातले दोन बाइट फाइलच्या क्रमांकाला दिलेले. जागा महाग होती आणि लोकांनी काटकसरीनं संसार केला. जुन्या माहितीपुस्तिकांमध्ये ही आठ-तीनची मर्यादा स्पष्ट लिहिलेली असे, आणि तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट हे गृहीतही खरं होतं, कारण लिहिणारा-वाचणारा दोघेही रोमन लिपीत होते.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि सामान्य माणसाच्या संगणकावर २५५ अक्षरांपर्यंतचं लांब नाव मिळालं. ते कसं बसवलं ही गोष्ट मला आजही सुंदर वाटते. जुनी नोंद ३२ बाइटची ती तशीच ठेवली, कारण जुने प्रोग्रॅम तीच वाचणार होते. लांब नावाचे तेरा-तेरा अक्षरांचे तुकडे पाडले आणि ते आजूबाजूच्या जादा नोंदींत ठेवले. त्या नोंदींवर एकाच वेळी चार खुणा मारल्या: फक्त वाचण्याची, लपवलेली, सिस्टिमची आणि डिस्कच्या नावाची. अशी चौकडी खऱ्या फाइलवर कधीच नसते, म्हणून जुना प्रोग्रॅम ती नोंद ओलांडून पुढे जाई. घर तेच ठेवून आत नवीन माळा काढावा, तसं हे काम होतं.

पण त्यामुळे एका फाइलला दोन नावं झाली, एक लांब आणि एक आखूड. आखूड नाव विंडोज स्वतः बनवतं. लांब नावातली पहिली सहा अक्षरं घेतं, पुढे लाटेसारखं टिल्डचं चिन्ह लावतं आणि एक आकडा. आता ‘नागपूर’ इंग्रजीत लिहिलं की बरोबर सहा अक्षरं होतात. समजा एखाद्या कचेरीत ‘नागपूर प्रभाग १२’ नावाची फाइल इंग्रजी अक्षरांत आधी बनली आणि ‘नागपूर प्रभाग १’ नंतर बनली. तर पहिलीचं आखूड नाव ‘नागपूर’, टिल्ड, १ असं होईल आणि दुसरीचं ‘नागपूर’, टिल्ड, २. प्रभाग बाराला एक नंबर आणि प्रभाग एकला दोन नंबर! तो आकडा जन्माच्या क्रमाचा आहे, प्रभागाचा त्याच्याशी काही संबंध नाही. अशा चार फाइली झाल्या की पाचव्यापासून विंडोज पद्धतच बदलतं, पहिली दोनच अक्षरं ठेवतं आणि मध्ये हिशेबानं काढलेली चार चिन्हं घालतं. फाइली दुसऱ्या डिस्कवर वेगळ्या क्रमानं कॉपी केल्या तर आकडे आपसांत बदलू शकतात. म्हणून आखूड नाव कोणत्याही नोंदवहीत, कोणत्याही प्रोग्रॅममध्ये कायमचा पत्ता म्हणून लिहून ठेवू नये. हे एक वाक्य मी अनेक मॅन्युअलमध्ये शोधलं, आणि फार थोड्या ठिकाणी सापडलं.

याच आखूड नावातून एक मोठा धोका निघतो. काळ्या पडद्याच्या कमांडवर कोणी ‘ज्यांचं एक्स्टेन्शन डॉक आहे त्या सगळ्या पुसा’ असं सांगितलं, तर ज्या ड्राइव्हवर आखूड नावं चालू आहेत तिथे वर्डच्या नव्या पद्धतीच्या डॉकएक्स फाइलीही पुसल्या जातात. कारण डॉकएक्सला चार अक्षरं आहेत आणि आखूड नावात तीनच मावतात, त्यामुळे तिथे ती डॉक म्हणूनच नोंदलेली असते. पुसणारा माणूस शपथेवर सांगेल की मी जुन्याच फाइली पुसल्या. तो खोटं बोलत नसतो.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मी कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं मराठी मॅन्युअल लिहीत होतो. इंग्रजी मसुद्यात ओळ होती: फाइलचं नाव २५५ कॅरॅक्टर्सपर्यंत चालतं. मी विचारलं, २५५ काय? ज्याला विचारलं तो म्हणाला, कॅरॅक्टर्स, लिहिलंय की. मी म्हटलं, ‘महाराष्ट्र’ या शब्दात किती कॅरॅक्टर्स आहेत? तो थांबला. त्यानं दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. कोणी चार म्हणालं, कोणी दहा. शेवटी आम्ही बसून तपासलं.

हा हिशेब मी इथे पूर्ण मांडतो, कारण सगळी मेख इथेच आहे. ‘महाराष्ट्र’ आपण चार अक्षरांचा शब्द म्हणून वाचतो: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या संगणकी चिन्हांच्या यादीत, तो दहा चिन्हांचा आहे. म, ह, काना, र, काना, ष, पाय मोडल्याची खूण, ट, पुन्हा पाय मोडल्याची खूण, र. आणि यूटीएफ-८ पद्धतीनं साठवला की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे तीस बाइट. चार, दहा, तीस. तिन्ही उत्तरं बरोबर, फक्त मोजण्याचं माप वेगळं. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर नावाची मर्यादा चिन्हांत मोजली जाते, तिथे आपला शब्द दहा खातो. लिनक्स या प्रणालीच्या ईएक्सटी-४ डिस्कवर तीच २५५ ची मर्यादा बाइटमध्ये आहे, तिथे तो तीस खातो. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. म्हणजे इंग्रजी माणसाला २५५ अक्षरं मिळतात आणि आपल्याला जास्तीत जास्त ८५ चिन्हं, काना-मात्रा-वेलांट्या धरून.

एक जवळचं उदाहरण घ्या. ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ हे नाव मध्ये अंडरस्कोअर (खालची आडवी रेघ) घालून लिहिलं. वाचताना वीस अक्षरं होतात, पाचही शब्द योगायोगानं चार-चार अक्षरांचे आहेत. चिन्हं होतात अडतीस. बाइट होतात ११४, आणि चार अंडरस्कोअरचे चार, म्हणजे ११८. जवळजवळ अर्धी मर्यादा विद्यापीठाच्या नावातच संपली. परीक्षा, वर्ष, विषय, विद्यार्थी अजून यायचेच आहेत. हेच नाव इंग्रजीत अंडरस्कोअरसकट ४६ बाइटमध्ये बसतं. ज्या मॅन्युअलमध्ये ‘२५५ कॅरॅक्टर्स’ एवढंच लिहिलं आहे, त्यानं नागपूरच्या क्लार्कला चुकीची माहिती दिली आहे.

आणि मर्यादा ओलांडली तर पुढे काय होतं, हे तर त्याहून क्वचित लिहिलेलं असतं. कार्यालयाच्या विंडोजवर शंभर चिन्हांचं मराठी नाव बिनबोभाट चालतं. तीच फाइल सर्व्हरवर पाठवली की ‘फाइल नेम टू लाँग’ येतं, कारण तिथे तिचे तीनशे बाइट झाले. क्लार्कला वाटतं सर्व्हर बिघडला, कारण सकाळपासून त्याच नावानं तो काम करत होता. काही प्रोग्रॅम त्याहून वाईट करतात, न सांगता नावाची शेपटी कापतात. आपल्याकडच्या नावांची रचना अशी असते की सुरुवात सगळ्यांची सारखी, वेगळेपण शेवटी. ‘अतिवृष्टीबाधित शेतकऱ्यांची यादी तालुका अमुक मौजा तमुक’. शेपटी कापली की मौजा गेला, आणि दहा गावांच्या याद्या एकसारख्या दिसायला लागल्या. तीन बाइटच्या मधोमध कात्री चालली तर शेवटचं अक्षरही फुटतं आणि तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन उभा राहतो.

नावाची मर्यादा वेगळी आणि पत्त्याची, म्हणजे पाथची, मर्यादा वेगळी, ही आणखी एक गल्लत. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंतचा पूर्ण पत्ता २६० मध्ये बसावा लागे, आणि अनेक प्रोग्रॅमना आजही लागतो. विंडोज १० च्या २०१६ मधल्या सुधारणेत ही मर्यादा उठवण्याची सोय आली, पण ती चालू करावी लागते आणि प्रोग्रॅमनंही ती मानावी लागते. आपल्या कचेऱ्यांत फोल्डरमध्ये फोल्डर ठेवण्याची शिस्त असते, वर्ष, शाखा, टेबल, विषय, आवक, जावक. फाइलचं नाव छोटं असूनही कॉपी होत नाही, तेव्हा दोष फोल्डरांच्या साखळीत असतो. मॅन्युअल म्हणतं ‘नाव लहान करा’, माणूस नाव लहान करत करत ‘१’ पर्यंत येतो, आणि वरच्या फोल्डरचं ऐंशी चिन्हांचं नाव तसंच राहतं.

आता त्या ‘स्पेशल कॅरॅक्टर्स’ कडे येऊ. प्रोग्रॅम लिहिण्याच्या पायथन या भाषेत एक साधी सोय आहे, दिलेला मजकूर फक्त अक्षरांचा आहे का ते विचारायची. तिला ‘नगर’ दिलं तर ती हो म्हणते. ‘नागपूर’ दिलं तर नाही म्हणते. कारण युनिकोडच्या वर्गवारीत काना आणि उकार ही अक्षरं नसून अक्षरांना लागणाऱ्या खुणा आहेत, आणि त्या सोयीत खुणा मोजल्या जात नाहीत. प्रोग्रॅमरनं ‘अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर चालतील’ असा विचार करून ती तपासणी टाकली की नगर पास आणि नागपूर नापास. बहुतेक वेळा तर तपासणी थेट इंग्रजी ‘ए’ ते ‘झेड’ एवढीच असते, मग नगरही नापास. बाराखडी शिकलेल्या कोणत्याही मुलाला विचारा, ‘ना’ हे अक्षर आहे की विशेष चिन्ह? काटोलच्या त्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि सूचनांमध्ये त्याचं उत्तर असायला हवं होतं. तपासणी बदलता येत नसेल तर निदान स्पष्ट लिहा की या संकेतस्थळावर नाव इंग्रजी अक्षरांतच द्यावं लागतं. तिनं रात्री बसून पाच नावं टाइप केली नसती.

काही चिन्हं मात्र खरोखरच चालत नाहीत, आणि ती आपल्या रोजच्या कागदांवर पदोपदी आहेत. विंडोजमध्ये नऊ चिन्हं वर्ज्य आहेत: लहान-मोठेपणाची दोन कोनचिन्हं, विसर्गासारखा दिसणारा कोलन, दुहेरी अवतरण, दोन्ही दिशांच्या तिरप्या रेघा, उभी रेघ, प्रश्नचिन्ह आणि चांदणी. यातली तिरपी रेघ, म्हणजे स्लॅश, आपल्याला सर्वांत जास्त नडते. ७/१२ मध्येच ती आहे. तारखेत आहे. जावक क्रमांकात आहे. आमच्याकडे विदर्भात खसरा नंबरमध्ये आहे, ४५/२, ४५/२/१. खरेदीखतापासून भूखंड नियमित केल्याच्या आरएल लेटरपर्यंत एकही कागद तिच्याशिवाय पूर्ण होत नाही. आणि मॅन्युअल काय सांगतं? ‘हे चिन्ह वापरू नका.’

हे समजावणं किती सोपं आहे पाहा. ४५/२ म्हणजे काय, हे पटवाऱ्याकडे एकदा जाऊन आलेल्या प्रत्येकाला माहीत असतं: पंचेचाळीस नंबरचा दुसरा पोटहिस्सा. संगणकही स्लॅशचा अर्थ असाच लावतो. ‘४५’ नावाचं फोल्डर आणि त्याच्या पोटात ‘२’ नावाची फाइल. म्हणून नावाच्या मध्ये स्लॅश आला की त्याला वाटतं आपण पत्ता सांगतोय. हे मी एकदा मौद्याच्या एका शेतकऱ्याला सांगितलं, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बापजाद्यांपासून तो अर्थ त्यांच्या हातात होता. असं उदाहरण इंग्रजी मॅन्युअलच्या भाषांतरातून कधीच येणार नाही. ते इथल्या कागदांमधून उचलावं लागतं, आणि म्हणून माझा आग्रह आहे की मराठी मॅन्युअल इथेच बसून लिहिलं जावं. (तिरपी रेघ विंडोजमध्ये उलटी का पडते, त्यालाही कारण आहे. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत सुलटी रेघ कमांडचे पर्याय सांगायला वापरली गेली होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती जागा अडलेली होती, म्हणून उलटी घेतली.)

अजून एक गोष्ट मराठीत खास जाणवते. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला ‘ऱ्य’. हा अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, तयार ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडून, साधा र आणि वेगळा नुक्ता जोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. कोणता कीबोर्ड वापरला यावर ते ठरतं. पडद्यावर तिन्ही अगदी एकसारखे दिसतात. एनटीएफएस काय आणि ईएक्सटी-४ काय, नाव जसं दिलं तसं साठवतात, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या तीन वेगळ्या फाइली सुखानं नांदू शकतात. शोधायला गेलात तर एक सापडते, दोन सापडत नाहीत. ज्या कार्यालयात तीन जण तीन कीबोर्डवर टाइप करतात, तिथे हे रोजचं आहे, फक्त त्याला नाव नाही. लोक म्हणतात फाइल गायब झाली. मी पाहिलेल्या एकाही मॅन्युअलमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

‘एवढं कशाला, नाव इंग्रजीतच ठेवा’ हा सल्ला मला नेहमी ऐकू येतो, आणि देणारी माणसं जाणती असतात. त्यांचं काही अंशी बरोबर आहे. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइली, वेबवर चढवायच्या फाइली यांना साधी इंग्रजी नावं द्यावीत असं मीही लिहितो. वेब-पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह टक्केवारीच्या खुणांसकट नऊ अक्षरांचं होतं, ‘नागपूर’ तिथे चोपन्न अक्षरांचं बनतं. पण लोकांच्या कागदांचं काय? ‘दाखला’ इंग्रजीत लिहायला दहा जणांना सांगा, चार स्पेलिंग येतील. पाच वर्षांनी शोधणाऱ्याला त्यातलं कोणतं आठवेल? मराठीत ‘दाखला’ एकाच तऱ्हेनं लिहिला जातो. ज्याला इंग्रजी लिहिता येत नाही तो शेवटी १, २, ३ वर येतो, आणि त्याचं काय होतं ते मी सुरुवातीला सांगितलं.

दुसरा आक्षेप असा की प्रोग्रॅमच सुधारा, माहितीपुस्तिका कोण वाचतं. प्रोग्रॅम सुधारायलाच हवेत. पण बाइटची मर्यादा डिस्कच्या रचनेतच आहे, ती उद्या जाणार नाही. आणि माझा अनुभव असा की नियम लिहायला बसल्याशिवाय तो कोणाला माहीत आहे की नाही हेही कळत नाही. त्या कंपनीत ‘२५५ काय?’ हा प्रश्न मॅन्युअलमुळे निघाला. तो निघाला म्हणून त्यांनी तपासणी बदलली आणि नाव लांब झालं तर किती कमी करायचं ते सांगणारा संदेश टाकला. वाचणाऱ्यांचं म्हणाल, तर प्रत्येक नागरिकानं वाचण्याची गरजच नाही. सेंटरवरचा एक मुलगा वाचतो आणि दिवसभरात पन्नास जणांना सांगतो. त्याच्या हातात बरोबर कागद पडला पाहिजे.

हे अवघड नाही याचा पुरावाही आहे. सिनॉलॉजी कंपनीच्या साठवणयंत्रांच्या सूचनांत सांकेतिक (एन्क्रिप्ट) केलेल्या फोल्डरसाठी मर्यादा अशी दिली आहे: १४३ इंग्रजी अक्षरं किंवा ४७ आशियाई अक्षरं. दोन आकडे दिले, एवढंच. पण ते वाचून निदान इतकं कळतं की माझ्या लिपीचा हिशेब वेगळा आहे. देवनागरीसाठी अजून एक ओळ वाढवायची आहे, कारण आपल्याकडे काना-मात्राही मोजल्या जातात.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. मराठीला अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. राज्यकारभाराच्या भाषेत लिहिलेलं फाइलचं नाव राज्यातल्या संगणकावर चालेल की नाही, हा प्रश्न मग खासगी कंत्राटदाराच्या मर्जीवर का सोडायचा? निविदेत दोन अटी घाला. नावाची तपासणी देवनागरीवर करून दाखवावी, आणि नियमांचं पान मराठीत, देवनागरी उदाहरणांसह द्यावं. त्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरू नये. खर्च जवळजवळ नाहीच.

ते पान कसं असावं, हे सांगत बसण्यापेक्षा मी लिहूनच काढलं. सुरुवात अशी आहे: “फाइलचं नाव शेवटच्या पीडीएफ वगैरेसकट २५५ बाइटच्या आत ठेवा. इंग्रजी अक्षर, इंग्रजी अंक, डॉट, हायफन, अंडरस्कोअर यांना प्रत्येकी १ बाइट लागतो. देवनागरीतलं प्रत्येक व्यंजन, स्वर, अंक, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. ‘खसरा’ १२ बाइट, ‘नागपूर’ १८, ‘महाराष्ट्र’ ३०. मोजायचं नसेल तर मराठी नाव वाचताना तीस अक्षरांच्या आत ठेवा, सहसा अडचण येत नाही. कागद कोणता हे नावाच्या सुरुवातीला लिहा, शेवटी नको.” पुढे स्लॅशचं पोटहिश्शाचं उदाहरण आहे आणि मग ‘ऱ्य’ बद्दल चार ओळी, कार्यालयात सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठेवावा असं सांगणाऱ्या.

ते पान मी त्याच सेंटरवर नेऊन दिलं. त्या मुलानं उभ्या उभ्या पूर्ण वाचलं आणि स्कॅनरच्या वर भिंतीला चिकटवलं. मग म्हणाला, “काका, स्लॅश नका लावू म्हणता, ठीक आहे. पण त्याच्या जागी काय लावायचं ते तर लिहिलंच नाही तुम्ही.” मी म्हटलं, हायफन लाव. तो म्हणाला, “हायफन लावला तर ४५ ते ५२ वाटते ना लोकांना. खसरा ४५-५२ म्हणजे आठ खसरे झाले.” खरं होतं. आम्ही तिथेच ठरवलं की पोटहिश्शासाठी अंडरस्कोअर आणि ‘पासून-पर्यंत’ साठी ‘ते’ हा शब्द. त्यानं पेननं खाली ओळ लिहिली: खसरा_४५_२, आणि वेगळी, खसरा_४५_ते_५२. मी घरी येऊन माझ्या प्रतीतही ती ओळ घातली.